न्यायाधीशाचे घर

(जयपूरच्या सी-स्कीममध्ये वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बाहेरच्या टेबलावर आंब्याची डाळ आणि पन्हं मांडून ठेवलेलं मी येताना पाहिलं आहे. तेव्हा फार लांबवणार नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि तुमच्या शहराची गणगौर एकाच महिन्यात येतात. त्रिपोलिया दरवाजातून गौरीची सवारी निघते आणि घरात मराठी गौर झोपाळ्यावर बसते. दोन्ही गौरींची व्यवस्था पाहणाऱ्या बायका या सभागृहात आहेत. त्यांना माझ्या भाषणाचा शेवट विशेष जवळचा वाटेल, असा माझा अंदाज आहे.

स्टॅच्यू सर्कलवरून येताना रिक्षावाल्याने हातानेच दाखवलं, हे महाराजा जयसिंह आणि त्या बाजूला हायकोर्ट. माझा आजचा विषय त्याने दोन हातवाऱ्यांत संपवला. मी बोलणार आहे पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्याबद्दल. पण त्यांच्या निकालांपेक्षा जास्त त्यांच्या घराबद्दल. न्यायाधीश कचेरीत काय बोलतो ते कागदावर उतरतं. ते बोलण्याची ताकद त्याला कुठून मिळते, हे मात्र त्याच्या स्वयंपाकघरात पाहावं लागतं.

आधी जयसिंह महाराज. या राजाने मराठी पंडितांचा मोठा संग्रह केला. रत्नाकरभट्ट पौंडरीक हे त्याचे गुरू. ते मूळचे महाराष्ट्रातले आणि काशीहून इकडे आले. ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ त्यांचा. जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, तेही मराठीच. याच राजाने आपल्या यज्ञासाठी काशीच्या नागेशभट्ट काळ्यांनाही बोलावणं धाडलं होतं, असं परंपरा सांगते. व्याकरणात त्या काळी त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. नागेशभट्टांनी उत्तर पाठवलं की मी क्षेत्रसंन्यास घेतला आहे, काशीची वेस ओलांडणार नाही. राजाचं आमंत्रण आणि तरीही नाही! या नागेशभट्टांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे. आणि याच पायगुंड्यांच्या घरी रामशास्त्री शिकले, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. म्हणजे जयपूरला न आलेल्या पंडिताच्या परंपरेतला माणूस आज माझ्या तोंडून जयपूरला पोचतो आहे.

या शहरात मराठ्यांचं नाव नेहमी प्रेमाने घेतलं गेलं असं नाही, हेही इथे उभं राहून सांगायलाच हवं. होळकरांच्या पैशाच्या तगाद्याला कंटाळून १७५० च्या डिसेंबरात जयपूरच्या गादीवरच्या सवाई ईश्वरीसिंहाने प्राण दिला. पुढच्याच महिन्यात या कोटाच्या आत हजारो मराठे कापले गेले. त्याच १७५१ च्या सुमारास रामशास्त्री पुण्यात पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले. एकच सरकार एका हाताने उत्तरेत खंडणी वसूल करत होतं आणि दुसऱ्या हाताने पुण्यात निवाडपत्रांवर शिक्के उठवत होतं. रामशास्त्र्यांचा मोठेपणा समजून घेताना हे सरकार कोणतं होतं, याचा विसर पडू देऊ नये.

आता त्यांचं गाव. साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथलं क्षेत्र माहुली. मी साताऱ्याचा. लहानपणी संगमाच्या घाटावर आम्ही पाहायला जायचो ती शाहूमहाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. पलीकडच्या तीरावर रामशास्त्र्यांचं गाव आहे, हे मास्तरांनी सांगितल्यावर आम्ही फक्त मान डोलावत असू. मुलांना न्यायाधीशापेक्षा कुत्रा जवळचा वाटतो, त्याला इलाज नाही.

रामशास्त्र्यांचा जन्म १७२० च्या आसपासचा. वडिलांचं नाव विश्वनाथ. पितृछत्र लवकर गेलं. विशीपर्यंत पोराला अक्षरओळखही जेमतेम. साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे तो शागिर्द म्हणून राहिला. पुढची आख्यायिका तुम्हाला ठाऊक असेल. सावकाराच्या पायावर पाणी घालताना पोराची नजर मालकाच्या मोत्यांच्या दागिन्यावर खिळली आणि तांब्याची धार भलतीकडे गेली. सावकार म्हणाला, अंगावर असलं मिरवायचं तर तेवढी विद्या तरी हवी. पोर उठला तो थेट काशीला. घडलं ते असंच घडलं, याची खात्री मी देत नाही. पण ही गोष्ट मोत्यांपासून सुरू होते, एवढं ध्यानात ठेवा. मोती आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

विशीनंतर मुळाक्षरांपासून सुरुवात, पोरसवदा विद्यार्थ्यांच्या मांडीला मांडी लावून. दहाबारा वर्षांनी हा माणूस धर्मशास्त्री होऊन परतला. १७५९ मध्ये बाळकृष्णशास्त्री वारले आणि न्यायाधीशाची जागा रामशास्त्र्यांकडे आली.

हे न्यायाधीशाचं काम म्हणजे नेमकं काय होतं? आजच्या हायकोर्टाचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक तंटे गावातच, पाटील, गोत आणि पंचायत यांच्यासमोर मिटत. तिथे न मिटलेला वाद वर येई. आधी वाद सांगणारा तो अग्रवादी, दुसरा पश्चिमवादी. दोघांकडून करीने लिहून घ्यायचे, म्हणजे तंट्याची वंशावळीसकट हकिकत. निकाल मान्य करू असा राजीनामा आणि जामीन आधीच घ्यायचा. मग साक्षी, जुने कागद, महजर. पुरावाच नसेल तर कधी दिव्य, म्हणजे तापल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि मग हात तपासायचा. शेवटी निवाडपत्र. जिंकणाऱ्याने हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. कचेरीला दोघांकडूनही उत्पन्न! असल्या व्यवस्थेत लाचेला दार शोधावं लागत नाही, भिंतच नसते. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखाचा अहवाल लिहिला. या न्यायपद्धतीतले दोष त्याने एकेक करून दाखवले, पण रामशास्त्र्यांचं नाव आलं तिथे त्याचीही लेखणी आदराने वळली. त्यांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

१७६१ मध्ये पानिपतानंतर माधवराव गादीवर आला तो सोळा वर्षांचा, आणि शास्त्रीबुवा चाळिशीचे. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलेली एक हकिकत आहे. तरुण पेशव्याला जपतपाचा नाद लागला. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर स्वारी ध्यानात. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. पेशव्याने कारण विचारलं तेव्हा त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता: ब्राह्मण असून आपण राज्यकर्त्याचा धंदा पत्करला आहे. प्रजेचं काम हीच आता आपली संध्या. ते जमत नसेल तर चला, दोघे मिळून गंगेकाठी बसू. माधवरावाने जप आवरता घेतला. वेठीची पद्धत त्याने बंद केली आणि वसईच्या सुभेदाराचं सामान वेठीच्या माणसांच्या डोक्यावरून जाताना सापडलं तेव्हा ते जप्त करून त्या माणसांना नुकसान भरून दिलं, हेही डफच लिहितो.

या हकिकतीत एक बारकावा आहे. पुढे १७७३ मध्ये रामशास्त्र्यांनी नोकरी सोडली, तेव्हा ती सोडण्याची भाषा ते पहिल्यांदा बोलत नव्हते. त्यांचं बोचकं नेहमीच बांधलेलं होतं.

आणि आता घर. ग्रँट डफ सांगतो की त्या दिवसाला पुरेल त्याहून जास्त शिधा शास्त्रीबुवा घरात ठेवत नसत. मंडळी, आपण हे वाक्य शाळेत साधेपणाचं उदाहरण म्हणून वाचलं. मला ते राज्यशास्त्राचं वाक्य वाटतं. मुख्य न्यायाधीश, पेशव्यांच्या मर्जीतला, पुण्यातला पहिल्या पाचांतला माणूस, आणि कणगी रिकामी. हे दारिद्र्य नव्हे, ही तटबंदी होती.

नातलगांचंही तसंच. श्रावणातल्या दक्षिणेची गोष्ट प्रसिद्ध आहे. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांची रीघ लागे आणि ज्याच्या त्याच्या विद्येप्रमाणे दक्षिणा मिळे. रामशास्त्री वाटपावर होते, नाना फडणीस शेजारी. रांगेत शास्त्रीबुवांचे भाऊ आले. विद्या यथातथाच. नाना म्हणाले, यांना वीस रुपये देऊ. शास्त्रीबुवांनी विचारलं, का? हा विद्वान असता तर दिलेच असते. दोनच द्या. माझा भाऊ म्हणून जे करायचं ते मी घरी करीन. सांगणारे इथे थांबतात. मला पुढची पायरी महत्त्वाची वाटते. त्यांनी भावाला झिडकारलं नाही. भावाचं देणं आणि सरकारचं देणं या दोन थैल्या आहेत, एवढंच सांगितलं. जाता जाता, या दक्षिणेचं पुढे काय झालं तेही ऐका. पेशवाई गेल्यावर त्या निधीतून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि नंतर इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी दक्षिणा फेलोशिप सुरू झाली. ती मिळवणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला ज्यांनी १८७५ मध्ये सुरू केली आणि पुढे जे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले तेच. आज मी ज्या व्यासपीठावर उभा आहे, ते त्याच रमण्यातून आलं म्हणायला हरकत नाही.

आता मोती परत येतात. शास्त्रीबुवांच्या पत्नी एकदा शनिवारवाड्यात हळदीकुंकवाला गेल्या. अंगावर साधं लुगडं आणि गळ्यात मंगळसूत्र. न्यायाधीशाची बायको अशी? पेशव्यांच्या घरच्या बायकांनी त्यांना शालू नेसवला, दागिन्यांनी मढवलं आणि पालखीतून घरी पाठवलं. भोयांनी दारात पालखी टेकवली. शास्त्रीबुवांनी दार उघडलं, पाहिलं आणि म्हणाले, तुमचं घर चुकलं. हे गरीब रामशास्त्र्याचं घर आहे, या कोणी श्रीमंत बाई दिसतात. बाई समजल्या. वाड्यावर परत गेल्या, दागिने उतरवले आणि पायी घरी आल्या. ही लोककथाच आहे. पण लोक उगाच अशी कथा रचत नाहीत. लाच देणारा कचेरीत येत नाही, तो हळदीकुंकवाला बोलावतो, हे लोकांना पक्कं ठाऊक असतं.

१७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव वारला. त्याचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यातच गारद्यांनी त्याला मारलं. वय अठरा. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. रामशास्त्र्यांनी चौकशी सुरू केली. कोणी सांगितली होती? कोणीच नाही. न्यायाधीशाने आपल्याच धन्याची चौकशी केली. डफच्या म्हणण्याप्रमाणे सहा आठवड्यांनी पुरावा हाती आला. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं होतं. त्यावरून ‘ध’चा ‘मा’ करणं हा वाक्प्रचार आपल्या भाषेत रुजला आणि त्याचं खापर रघुनाथरावांची बायको आनंदीबाई हिच्या माथी फुटलं. डफने हे लिहिलं १८२६ मध्ये, पन्नासाहून जास्त वर्षांनी, सांगोवांगीवरून. कागद कोणी बदलला याबद्दल लोकांचा निकाल आधी लागला आणि पुरावा मागून शोधला गेला. रामशास्त्र्यांनी मात्र बाईला पकडलं नाही. त्यांनी विचारलं ते रघुनाथरावांना, आणि या पापाला प्रायश्चित्त काय या त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं की देहान्त, दुसरं नाही. तुमचा कारभार असेपर्यंत मी नोकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

एका दिवसाचा शिधा असलेलं घर आवरायला किती वेळ लागतो, याचा विचार करा. ज्याला सरंजाम आहे त्याला आधी वकील पाठवावा लागतो, ज्याच्या मुलीचं लग्न वाड्याच्या खर्चाने झालेलं आहे त्याला सुरात सूर मिसळावा लागतो. यांना फक्त उठायचं होतं.

इथे मला तुम्हाला एका इंग्रज न्यायाधीशाच्या घरी न्यायचं आहे, कारण त्याने नेमकं उलट टोक दाखवलं. सर विल्यम गॅस्कोइन, १४०० पासून इंग्लंडच्या राजाच्या न्यायपीठाचा मुख्य न्यायाधीश. १४०५ मध्ये यॉर्कचा आर्चबिशप स्क्रोप बंडात सापडला. चौथा हेन्री म्हणाला, मृत्युदंड फर्माव. गॅस्कोइनने नकार दिला असं सांगतात. राजाने दुसऱ्यांकडून शिक्षा उच्चारून घेतली आणि आर्चबिशपचं डोकं उडवलं. त्याच्या नावावर दुसरीही एक गोष्ट आहे, की अंगावर धावून आलेल्या युवराजालाच त्याने तुरुंगात धाडलं. ही कथा छापली गेली शंभरावर वर्षांनी, आणि पुढे शेक्सपिअरच्या नाटकाने ती अमर केली. ‘ध’चा ‘मा’ तिकडेही आहेच! पण गॅस्कोइनचं बळ कशात होतं? यॉर्कशायरमधल्या त्याच्या जमिनीजुमल्यात. दोनदा लग्न, दोन्ही तालेवार घराण्यांत. १४१९ मध्ये वारला. आजही हेअरवूडच्या चर्चमध्ये न्यायाधीशाच्या झग्यातली त्याची दगडी मूर्ती पत्नीशेजारी निजलेली आहे. तो राजाला नाही म्हणू शकला, कारण राजावाचून त्याचं अडत नव्हतं. रामशास्त्र्यांचंही अडत नव्हतं. एकाकडे खूप होतं म्हणून, दुसऱ्याला काही लागत नव्हतं म्हणून. मधल्या माणसाची, म्हणजे ज्याला पगार पुरतो पण पगारावाचून जमत नाही त्याची, खरी अडचण. आणि मंडळी, आपण सगळे मधलेच.

आरती ओवाळून इथेच थांबता आलं असतं. पण तीन गोष्टी सांगितल्याशिवाय खाली बसणं बरं नव्हे.

पहिली: रामशास्त्र्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त कधीच अमलात आलं नाही. गादी गेली, इंग्रजांच्या आश्रयाला जाणं झालं, पण रघुनाथराव वारले ते १७८३ मध्ये कोपरगावला, अंथरुणावर.

दुसरी: ते शास्त्र समान नव्हतं. गुन्हा एक आणि शिक्षा जातीप्रमाणे वेगळी, ही त्या ग्रंथांतली उघड तरतूद होती. इथल्या हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा उभा आहे आणि त्यावरून पेटलेला वाद तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिला आहे. रामशास्त्री निःस्पृह होते, पण त्यांच्या हातातला तराजू आधीच एका बाजूला कललेला होता. प्रामाणिक माणसाने वापरला म्हणून तराजू सरळ होत नाही.

तिसरी सर्वांत बोचरी. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, रामशास्त्र्यांना मानाने परत आणलं. त्यानंतर ते पुण्याचे न्यायाधीश होते तेव्हाच पुण्याचा कोतवाल होता घाशीराम. कचेरीत रामशास्त्री आणि चावडीत घाशीराम, शहर एकच. ऑगस्ट १७९१ मध्ये कोतवालीत डांबलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचलं. शास्त्रीबुवा त्याआधीच, २५ ऑक्टोबर १७८९ रोजी गेले होते. वरचा न्याय स्वच्छ असून भागत नाही. गरिबाची गाठ आधी चावडीशी पडते.

मग उरतं काय? त्यांच्यामागे न्यायाधीश झाले ते अय्याशास्त्री. ज्या राज्यात पेशवाईपासून पाटिलकीपर्यंत सगळं बापाकडून मुलाकडे जात होतं, तिथे ही जागा प्रभुण्यांच्या घरात वतन होऊन बसली नाही. गजानन जागीरदारांनी १९४४ मध्ये ‘प्रभात’च्या चित्रपटात रामशास्त्री उभे केले, त्यात रघुनाथरावांसमोरचा प्रसंग लोकांनी डोक्यावर घेतला. मला मात्र ही न मागितलेली गादी त्याहून मोठी वाटते.

आता शेवट, बायकांसाठी राखून ठेवलेला. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात काय चाललं होतं ते आपल्याला कळतं, कारण रमाबाईंनी आठवणी लिहिल्या. नवऱ्याबद्दलचा आदर त्यात आहे आणि त्या घरात शिकताना झालेला जाचही आहे. शास्त्रीबुवांच्या पत्नीने काही लिहिलं नाही, लिहिण्याची सोय नव्हती. रोज सकाळी रिकाम्या कणगीसमोर कोण उभं राहत होतं? पाहुणे आले तर पीठ कुठून आणायचं हे कोणाला सुचवावं लागत होतं? शास्त्रीबुवांनी नोकरी फेकली, पण वाईजवळच्या खेड्यात नवी चूल मांडली ती कोणी? ती पालखीची गोष्ट आजवर आपण दाराच्या आतून ऐकली. एकदा बाहेरून ऐका. भोई पाहत आहेत, गल्ली पाहत आहे आणि नवरा म्हणतो, बाई, घर चुकलात.

आपल्या राज्यघटनेत एक रुक्ष तरतूद आहे. हायकोर्टाच्या न्यायाधीशांचा पगार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही आणि कलम २२१ प्रमाणे नेमणुकीनंतर त्यांचे भत्ते आणि रजा-निवृत्तिवेतनाचे हक्क त्यांच्या तोट्याचे होतील असे बदलता येत नाहीत. वकील मंडळी ती पाठ म्हणतात. मला ती वाचताना ती पालखी आठवते. न्याय ताठ राहावा म्हणून कोणा बाईला आपल्याच दारातून परत जावं लागू नये, म्हणून ती लिहिली आहे असं मी समजतो. रामशास्त्र्यांना हा आधार नव्हता. त्यांचं कलम २२१ त्यांच्या बायकोने रोज सकाळी कणगीच्या तळाशी हात घालून पाळलं.

पन्हं कोमट व्हायच्या आत थांबतो.